पोत्यामागे एक किलो

मित्रांनो, आर्वीच्या धान्यबाजारात एका बंद पडलेल्या अडत दुकानाच्या मागच्या पडवीत मी उभा असतो. मी वजनकाटा. किराणा दुकानात पुड्या तोलतात तो तराजू नव्हे. ज्याच्यावर अख्खं पोतं चढवतात तो, लोखंडी पाटाचा आणि उंच मानेचा. माझ्या मानेवर एक आडवी दांडी आहे. तिच्यावर पितळी वजन सरकवायचं आणि दांडी समतोल झाली की आकडा वाचायचा, अशी माझी रीत. ते पितळी वजन आता कुणीतरी काढून नेलं आहे. पाटावर गंज चढला आहे. दुपारी एक मांजर येऊन त्याच्यावर झोपते आणि तिचंही वजन मला सांगता येत नाही.

तरी माझी गोष्ट ऐका. ती जितकी माझी आहे त्याहून जास्त एका मापाऱ्याची आहे.

माझा जन्म दूरच्या एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लाल लोखंड ओतलं, ते निवलं आणि माझा पाट तयार झाला. मग माझ्या पोटात तरफा बसवल्या. तरफ तुम्ही शाळेत शिकता. जड वस्तू टेकूच्या जवळ आणि हलकी वस्तू लांब ठेवली की दोन्ही एकमेकींना तोलून धरतात. एवढंसं पितळ ज्वारीच्या पोत्याला तोलतं ते याच युक्तीने. मला स्वतःला या गोष्टीचं नवल कधी संपलं नाही. तिथून आगगाडीने पुलगावला आलो आणि पुलगावहून छोट्या गाडीने आर्वीला. ती गाडी अशी रमतगमत निघायची की डब्यातली माणसं उतरून बोरं तोडत आणि पुन्हा चढून बसत.

बाजारातल्या एका अडत्याने मला घेतलं आणि कवडूजींच्या ताब्यात दिलं. कवडूजी बाजाराचे मापारी. धान्य तोलायचं आणि वजन मोठ्याने बोलायचं, हे मापाऱ्याचं काम. सडपातळ अंग, डोक्याला पांढरा रुमाल आणि आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गाडीखाली झोपलेला गाडीवान उठून बसावा. रोज सकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसत, तरफांच्या धारांवरची धूळ फुंकत आणि दांडी मोकळी डोलते का ते पाहत. वजनमापाचे निरीक्षक वर्षाला एकदा येऊन मला तपासून शिक्का मारत. एकदाही मी खोटा ठरलो नाही.

बाजाराची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. तूर किंवा जवस पोत्यासकट माझ्यावर चढे. दांडीवर येणाऱ्या वजनात पोत्याचंही वजन असे. गोणपाटाच्या त्या रिकाम्या पोत्याला बारदान म्हणतात. म्हणून मापारी पोत्यामागे एक किलो वजा करून बोले. या वजावटीला म्हणायचं कडता. माझ्या दांडीवर एक्क्याण्णव आलं की कवडूजी ‘नव्वद’ म्हणत. मनात वजाबाकी करत नसत. डोळ्यांना एक्क्याण्णव दिसायचं आणि तोंडातून नव्वद निघायचं. आणि मापारी बोलला की ते वजन ठरलं. त्याच्या खांद्यावरून डोकावून दांडी पाहणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. असं कुणी करत नसे.

एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात निवृत्त कवायत मास्तर अण्णाजी बाजारात आले आणि माझ्या पाटावर हात ठेवून म्हणाले, “कवडूजी, रविवारी बाजार बंद रायते. हा काटा मले पायजे.”

“काय तोलता, गुरुजी?”

“पोट्टे.”

कवडूजी हसले. “पोट्ट्यायचा भाव काय लागला?”

अण्णाजी हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की नागपूरला एक शिबिर सुरू झालं आहे. तिथे खेड्यापाड्यातली मुलं नेऊन त्यांना लष्करी अकादमीच्या परीक्षेसाठी तयार करतात. पण मुलं पारखून पाठवायची कुणी? शहरातल्या मुलांना वाट दाखवणारे आहेत. आर्वीच्या मुलाला लष्करात शिपाई होता येतं एवढंच ठाऊक. अधिकारीही होता येतं, हे त्याला सांगायला हवं.

त्या रविवारपासून तीन माणसं बाजाराच्या ओट्यावर बसू लागली. अण्णाजी मुलांना पळवत, दोरावर चढवत आणि प्रश्न विचारत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स वच्छलाबाई डोळे, दात, छाती तपासत. कवडूजी वजन करत. त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि कुणी काही देत नव्हतं. वच्छलाबाई घरून चहाची किटली आणत. अण्णाजी सायकलवरून गावोगाव जाऊन बापांना समजावत आणि पुष्कळदा शिव्या खाऊन परत येत. कवडूजींना आठवड्यातून एकच सुट्टी मिळे. ती त्यांनी देऊन टाकली. रविवारी मुलं माझ्यावर उघड्या अंगाने, नुसत्या चड्डीवर चढत. बारदान नाही, कडता नाही. दांडी जे सांगे तेच कवडूजी बोलत.

काही मुलं वजन वाढावं म्हणून पोटभर पाणी पिऊन येत. वच्छलाबाई पोटावर टिचकी मारत. “काऊन रे, अख्खी वर्धा नदी घेऊन आला का? जा, मोकळा होऊन ये.” सगळे हसत. ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं. धान्य तोलताना मला कधी वाटलं नाही की मी कशाचा तरी निकाल लावतो आहे. मुलं तोलताना वाटे.

पंचफुला बाजारात झाडलोट करायची. पोत्यांतून सांडलेले दाणे झाडून, पाखडून ती घरी नेई. ती बौद्ध वस्तीत राहायची. नवरा कधीच वारला होता. तिचा मुलगा ओमप्रकाश दोन हिवाळे अण्णाजींकडे आला. पळण्यात त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. गणितात अण्णाजींनाच त्याच्यासाठी पुस्तक मागून आणावं लागे. फक्त वजन कमी पडे. त्याच्या उंचीला शिबिराच्या नियमात पंचेचाळीस किलो हवे होते आणि दोन्ही वेळा तो तिथवर पोचला नाही. अठ्ठ्याहत्तर सालचा जानेवारी ही त्याची शेवटची संधी होती. त्यानंतर वयाची अट ओलांडली जाणार होती.

त्या खेपेला कवडूजींनी हे वजन स्वतःच्या अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी ते ओमप्रकाशला बोलावत. भिजवलेले चणे, केळी, घरच्या म्हशीचं दूध.

“काका, आता नाई जात,” ओमप्रकाश म्हणे.

“जाते. मुकाट्यानं गिळ. तुले साहेब करतो आन मंग तुह्याच हातची सलामी घेतो.”

“साहेब सलामी देत नाई, काका. घेते.”

“मंग मी देईन. पन तू खाय.”

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तो कपड्यांसकट माझ्यावर उभा राहिला. पितळी वजन पंचेचाळीसच्या बरंच पुढे सरकवल्यावर दांडी समतोल झाली. कवडूजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पंचफुला झाडू हातात धरून नुसती पाहत उभी होती. मापारी वजन बोलेपर्यंत आपण काही बोलू नये, हे ती बाजारात शिकली होती.

चाचणीच्या दिवशी थंडी कडाक्याची होती. शिबिरातर्फे नागपूरहून एक निवृत्त कॅप्टन साहेब आले होते. निवडलेली नावं ते त्याच दिवशी सोबत नेणार होते. आधी दौड झाली. ओमप्रकाश पहिला आला. मग वजनाची रांग लागली. पहिल्याच मुलाने माझ्या गार लोखंडावर अनवाणी पाय ठेवला आणि तो उडी मारून खाली उतरला. वच्छलाबाईंना राहवलं नाही. “मायबाई, लेकराचे पाय! थांबा,” म्हणत त्यांनी एक रिकामं पोतं आणून माझ्या पाटावर अंथरलं.

साहेब म्हणाले, “ठीक है। लेकिन बोरा रख के ही काँटा ज़ीरो करो।”

कवडूजींनी तसंच केलं. पोतं पाटावर असताना दांडी शून्यावर आणली. म्हणजे पोत्याचं वजन आता वजा झालं होतं. हिशेब तिथे पुरा झाला होता. मित्रांनो, मी ते जाणत होतो. पण माझी दांडी समतोल झाली की माझं बोलणं संपतं. पुढचं माणसाच्या तोंडी असतं.

पाटावर बारदान होतं. समोर मी होतो. कवडूजींच्या डोळ्यांना दिसलं ते रोजचंच, आणि त्यांच्या तोंडाने रोजचंच केलं. पहिला मुलगा चढला. दांडीवर बावन्न. “एक्कावन!” कवडूजी ओरडले. दुसरा चढला. एकोणपन्नास. “अठ्ठेचाळीस!” मुलं धट्टीकट्टी होती. कुणाला काही फरक पडला नाही. साहेब ऐकत होते आणि लिहीत होते. वच्छलाबाई आणि अण्णाजी पलीकडे मुलं रांगेत लावत होते. कुणी दांडीकडे पाहिलं नाही. मापाऱ्याच्या खांद्यावरून कुणी पाहत नाही.

मग ओमप्रकाश चढला. पितळी वजन पंचेचाळीसवर आलं, किंचित पुढे सरकलं आणि दांडी समतोल झाली. मला वाटलं, आज मी एका माणसाचं भलं केलं.

“चव्वेचाळीस!” कवडूजी म्हणाले.

आणि ते ऐकून त्यांचाच चेहरा उतरला. त्यांना स्वतःच्या तोंडाचं खरं वाटलं. आयुष्यभर तोंडातून निघालेला आकडाच खरं वजन होतं. दांडीवरचा आकडा म्हणजे फक्त तिथवरची वाट. त्यांनी पुन्हा दांडीकडे पाहिलंच नाही. पाहवलं नसेल.

“काल तं जास्त होतं,” ते पुटपुटले.

वच्छलाबाई म्हणाल्या, “काल कपडे होते ना अंगावर. आन आज पळाला, घाम गेला. तेवढं कमी होतेच.”

कारण अगदी बरोबर वाटण्यासारखं होतं. साहेबांनी मान हलवली. “लड़का अच्छा था,” ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं. ओमप्रकाश खाली उतरला, सदरा घातला आणि आईकडे गेला. तिने खाली पडलेले दाणे सुपात भरायला घेतले. संध्याकाळच्या एस्टीने साहेब निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. तानबा नावाच्या शेतकऱ्याचं तुरीचं पोतं माझ्यावर चढलं. दांडीवर ब्याण्णव. कवडूजींनी तोंड उघडलं, “एक्क्याण्ण…” आणि ते थांबले. दांडीकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं. दांडीला लावलेला हात त्यांनी झटकन काढून घेतला. दांडी हलली आणि मी पुन्हा समतोल शोधू लागलो.

“काय झालं, मापारी? जीभ गिळली का?” तानबा म्हणाला. हमाल हसले.

कवडूजींनी रुमाल काढला आणि तिथेच माझ्या पाटाच्या काठावर, तुरीच्या पोत्याला टेकून बसले. “मी पोराचा कडता कापला,” ते म्हणाले. कुणाला काहीच कळलं नाही.

त्याच दुपारी ते आणि अण्णाजी नागपूरला गेले. तिथे काय झालं ते परत आल्यावर अण्णाजींनी ओट्यावर बसून वच्छलाबाईंना सांगितलं, म्हणून मला कळलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ही चूक फक्त त्या एकाच मुलाची झाली का? कवडूजी म्हणाले, “नाई साहेब. सगळ्यायची झाली.” साहेब म्हणाले, मग वजनाची चाचणीच चुकली, आणि लिहिलेले आकडे मला नुसते बदलता येत नाहीत. तसं मला वर कळवावं लागेल. आर्वीची सगळी निवड रद्द होईल आणि पुन्हा घ्यायला वेळ उरलेला नाही. बोला, कळवू?

“मंग?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“मंग काय. कवडूजीनं यादीतले नावं मोजले. आखरीले म्हणाले, राहू द्या.”

मित्रांनो, हे सांगायला सोपं आहे. एका पारड्यात एक मुलगा, दुसऱ्या पारड्यात बाकीची मुलं. तुम्ही म्हणाल, उत्तर उघड आहे. मी आयुष्यभर वजनं तोलली, पण हे वजन मला तोलता आलं नसतं. आणि ज्याने तोललं, त्याला त्यानंतर कधी गाढ झोप लागली नाही.

कवडूजींनी काही लपवलं नाही. पंचफुला झाडायला आली तेव्हा तिच्या मुलासमोर त्यांनी सगळं सांगितलं. ओमप्रकाश म्हणाला, “काका, तुमी कुठं मुद्दाम केलं?”

त्याने रागावून एखादा दगड उचलला असता तर बरं झालं असतं.

पंचफुलाने मात्र सूप खाली ठेवलं. “सगळ्यायचाच कापला म्हणता, भाऊ. कापला असन. त्यायचे पोते भरून होते, त्यायले का कळते? आमचं कवा नाई ते यंदा काठोकाठ भरलं होतं.” एवढं बोलून ती पुन्हा झाडू लागली. कवडूजी मान खाली घालून तिच्या झाडूच्या रेघांकडे पाहत राहिले.

ओमप्रकाश पुढे बाजारातच हमालीला लागला. वर्षभरात त्याचं अंग भरलं, खांदे रुंद झाले. एकदा पोतं चढवता चढवता तो स्वतःच माझ्यावर उभा राहिला. दांडी एकदम वर गेली. त्याने ती बोटाने खाली दाबली आणि उतरून गेला.

कवडूजींचं माप बोलणं मंदावलं. आता ते प्रत्येक शेतकऱ्याला दंडाला धरून माझ्यासमोर आणत. “पाह्य. तू पाह्य. तूच सांग किती.” माणसं ओशाळत. “मापारी, आमी का तुमाले चोर म्हणून राह्यलो?” कुणी म्हणे, म्हातारा चळला. पोती तुंबू लागली, गाड्या खोळंबू लागल्या. शेवटी अडत्याने माझ्यावर दुसरा माणूस ठेवला. रविवारची निवडही फार दिवस चालली नाही. कवडूजी मुलांना तोलायला तयार होईनात आणि अण्णाजींचा श्वास सायकलवर पुरेना. अण्णाजी गेले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला बाजार बंद ठेवावा असं कुणाला सुचलं नाही. कारण त्यांचं काम बाजार बंद असतानाच होत असे.

मग शहाऐंशी सालच्या प्रजासत्ताक दिनाला गावातल्या काही मंडळींना या तिघांची आठवण झाली. त्यांनी पाठवलेला एक मुलगा लष्करात मोठ्या हुद्द्यावर गेल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं. सत्कार ठरला. मांडव पडला. मलाही धुऊनपुसून हातगाडीवरून नेलं आणि व्यासपीठाच्या कडेला झेंडूची माळ घालून उभं केलं. हातगाडी ओढली ओमप्रकाशने. अण्णाजींचा हार घातलेला फोटो खुर्चीवर होता. वच्छलाबाई नऊवारी नेसून बसल्या होत्या. कवडूजींना त्याच हात धरून घेऊन आल्या होत्या. “तुमी नाई आले तं मीबी जात नाई,” असं त्यांनी धमकावलं होतं.

शाल झाली, श्रीफळ झालं. टाळ्या मनापासून होत्या, हे मी सांगतो. त्या माणसांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग प्रमुख पाहुण्यांनी माइक कवडूजींसमोर धरला. “मापारीबुवा, तुम्ही पारखलेल्या मुलांपैकी एखाद्याचं नाव सांगा. तुमच्या आठवणीतलं.”

“ओमप्रकाश,” कवडूजी म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मांडवाच्या मागच्या बाजूला, रिकाम्या हातगाडीच्या दांड्यावर बसलेला ओमप्रकाश उभा राहिला.

“वा! कुठे असतात ते आता? कोणत्या हुद्द्यावर?”

“इथंच असते. बाजारात पोते उचलते,” कवडूजी म्हणाले. “त्याचं वजन पुरं होतं जी. मीच कमी बोललो.”

पाहुणे हसले आणि त्यांच्यामागून सगळा मांडव हसला. म्हाताऱ्याचा विनोद. कवडूजी माइकपाशी तसेच उभे राहिले. त्यांना अजून काही सांगायचं होतं. माइक पुढच्या वक्त्याकडे गेला. वच्छलाबाईंनी पदराने तोंड झाकलं. त्या हसत नव्हत्या.

मांडवाच्या मागे ओमप्रकाश पुन्हा खाली बसला होता.

त्या उन्हाळ्यात कवडूजी गेले. पुढे दुकानही बंद पडलं आणि मी या पडवीत आलो. ओमप्रकाश अजून बाजारात आहे. पाठीला बाक येऊ लागला आहे. या पडवीवरून तो रोज जातो, पण आत वळून पाहत नाही.

मित्रांनो, इथे मी म्हणायला हवं की जुन्या वस्तूंची काळजी घ्या, आम्हाला पुसून ठेवा. ते मी म्हणणार नाही. लोखंड गंजतं, तो त्याचा धर्मच आहे. मी मागतो ते एवढंच. पुढे तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाती दुसऱ्याला पारखायचं काम येईल. त्या दिवशी तुमच्या खांद्यावरून कुणी डोकावलं तर रागावू नका. त्याला पुढे ओढा, दांडी दाखवा.

आणि ज्यांनी आपले रविवार दुसऱ्यांच्या मुलांसाठी खर्च केले, त्यांचा सत्कार जरूर करा. ती मोठी माणसं असतात. पण हार घातल्यावर माइक लगेच काढून घेऊ नका. पाठवलेल्या मुलांची नावं तुम्हाला वर्तमानपत्रातून कळतीलच. राहून गेलेल्या एकाचं नाव त्यांना विचारा, आणि ते सांगतील तेव्हा हसू नका.